क्षेपणास्त्र-नौकेच्या मोजमापांसाठी मराठवाड्यात

१९७१ च्या युद्धातील 'निर्घात' या क्षेपणास्त्र-नौकेचे १:७२ प्रमाणातील प्रतिरूप घडवायला घेतल्यापासून एक प्रश्न मला सतत छळत होता. ओसा वर्गाच्या सोव्हिएत नौकांची रेखाचित्रे मिळतात, त्यांचा प्लास्टिकचा संचही मिळतो. मूळ नौका ३८.६ मीटर लांब आणि ७.६ मीटर रुंद, म्हणजे या प्रमाणात साधारण ५३६ आणि १०६ मिलिमीटर, इतका हिशेब घरबसल्या होतो. परंतु सोव्हिएत आरमारातील नौका आणि ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात' व 'वीर' यांच्याबरोबर कराचीवर चालून गेलेली आपली 'निर्घात' यांत डेकवर काय काय निराळे होते, हे कोणत्याही संचाच्या खोक्यात लिहिलेले नसते. ते त्या काळच्या नौसैनिकांनाच विचारावे लागते, आणि त्यांच्यापैकी काही जण निवृत्तीनंतर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, मराठवाड्यातल्या आपापल्या गावी राहतात. त्यांना भेटण्यासाठी परभणीहून केलेल्या या प्रवासाची ही हकिगत.

पहिला दिवस : छत्रपती संभाजीनगर

सकाळच्या गाडीने दहाच्या सुमारास शहरात पोहोचलो आणि थेट एका जुन्या ग्रंथालयात गेलो. १९७१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातील वृत्तपत्रांच्या बांधीव फाइली काढून ठेवण्याची विनंती आधीच केली होती. कागद पिवळा पडून कडांना तुटू लागलेला होता, त्यामुळे ग्रंथपालबाई प्रत्येक फाइल स्वतः उलटून दाखवत होत्या.

३ डिसेंबरला संध्याकाळी युद्धाला तोंड फुटले. पुढच्या अंकांत आरमाराच्या बातम्या भराभर येतात: कराचीवरचा हल्ला, 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका बुडाल्याची वार्ता, आणि मग ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडाल्याची बातमी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. जहाजाची लांबीरुंदी शोधायला बसलेल्या माणसाने ते पान वाचून लगेच पुढच्या पानावर जाणे मला बरे वाटले नाही. काही वेळ मी वही मिटूनच बसलो.

छायाचित्रांच्या दृष्टीने वृत्तपत्रांचा उपयोग मर्यादित आहे, आणि या वाटेने जाणाऱ्याने ते आधीच ओळखून असावे. छापील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. भिंग लावले की रेलिंग मोठे होत नाही, ठिपके मोठे होतात. वृत्तपत्रातून खरी मिळते ती तारीख. एखादे छायाचित्र युद्धापूर्वीचे आहे, युद्धकाळातले आहे की विजयानंतरच्या समारंभाचे आहे, हे ठरले की पुढचे निम्मे वाद मिटतात.

तारखेवर एवढा भर देण्याचे कारण आहे. ओसा नौकांचे दोन प्रकार भारताकडे होते. १९७१ च्या सुरुवातीला आलेल्या आठ नौका पहिल्या प्रकारच्या होत्या. त्यांच्यावरील पी-१५ क्षेपणास्त्राचे पंख स्थिर होते, ते दुमडत नव्हते, आणि पंखांचा विस्तार सुमारे २.४ मीटर असल्यामुळे क्षेपणास्त्र ठेवण्याचे कोठे रुंद, पेटीसारखे चौकोनी करावे लागले. पुढे १९७६-७७ मध्ये आलेल्या दुसऱ्या प्रकारच्या नौकांवर दुमडत्या पंखांचे क्षेपणास्त्र होते, म्हणून त्यांचे कोठे आटोपशीर आणि गोल नळकांड्यासारखे झाले. कराचीच्या हल्ल्याचे प्रतिरूप म्हणून गोल कोठ्यांची नौका मांडलेली मी प्रदर्शनांत पाहिली आहे. कारागिरी कितीही सुबक असली तरी ती नौका त्या रात्री अस्तित्वातच नव्हती.

ग्रंथपालबाईंना माझा विषय कळल्यावर त्यांनी अंबाजोगाईच्या आपल्या चुलत सासऱ्यांचा पत्ता दिला. ते १९७१ मध्ये आरमारात होते, असे त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. ठरवून आखलेल्या भेटींत ही भेट नव्हती, आणि पुढे तीच सर्वांत मोलाची ठरली. रात्री जुन्या शहरात नान-खलिया खाल्ला. त्या खाण्यासाठी शहरात एक मुक्काम वाढवावा, असे माझे मत आहे.

दुसरा दिवस : अंबाजोगाई

शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज असा बसचा मार्ग आहे. मांजरसुंब्याच्या घाटात सकाळची थंडी काचेच्या फटीतून आत येत होती. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली आणि मधूनमधून तुरीच्या काढणीची गडबड दिसत होती.

अंबाजोगाईत योगेश्वरीचे दर्शन घेऊन दुपारी नानांच्या घरी गेलो. त्यांना घरात आणि गल्लीतही नानाच म्हणतात. युद्धाच्या काळात ते अर्नाळा वर्गाच्या एका पाणबुडीविरोधी जहाजावर होते. हीही सोव्हिएत बनावटीची जहाजे, ७६ मिलिमीटरच्या दोन जुळ्या तोफा असलेली. कराचीच्या मोहिमेत क्षेपणास्त्र-नौकांच्या सोबतीला गेलेली 'किलतान' आणि 'कछाल' याच वर्गातली. नाना त्या दोन्हींवर नव्हते, पण मुंबईच्या गोदीत क्षेपणास्त्र-नौका त्यांच्या जहाजाशेजारी उभ्या असत, आणि फावल्या वेळात त्या न्याहाळणे हा त्यांचा छंदच होता.

मी त्यांना प्रथम त्यांच्या स्वतःच्या जहाजाबद्दल विचारले. डोलकाठीवर कोणता रडार कोणाच्या वर होता, असे विचारताच ते अडखळले. क्षेपणास्त्र-नौकेबद्दल विचारले तेव्हा मात्र एका दमात सांगू लागले.

"आपलं जहाज आपल्याला भायेरून दिसतंय कुठं?" नाना म्हणाले. "आपण त्याच्या पोटात. समोर दिसतंय ते दुसऱ्याचं जहाज."

हे वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतले, कारण या विषयाच्या संशोधनाची सारी पद्धतच त्याने उलटीपालटी केली. आजवर मी ज्याच्या-त्याच्या जहाजाचीच चौकशी ज्याच्या-त्याच्याकडे करत आलो होतो. नौसैनिकाला विचारायचे ते दोन भागांत विचारले पाहिजे: स्वतःच्या जहाजावर हात कशाला लागत होता, आणि शेजारच्या जहाजावर डोळ्यांना काय दिसत होते.

मग अल्बम निघाला. त्यातल्या एका छायाचित्रात नानांसह तीन तरुण नौसैनिक धक्क्याला लागलेल्या क्षेपणास्त्र-नौकेच्या रेलिंगला टेकून उभे आहेत. मित्राला भेटायला नौकेवर गेलेले असताना कोणीतरी तो फोटो काढला होता. माणसे मध्यभागी असल्यामुळे कोठ्याचा बराच भाग झाकला गेला आहे, पण नानांच्या डाव्या खांद्यामागे कोठ्याची धारदार चौकोनी कड स्पष्ट दिसते आणि रेलिंगचे उभे गज पायापासून माथ्यापर्यंत मोजता येतात. मागे पेनाने महिना आणि साल लिहिलेले आहे. असले छायाचित्र कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. ते फक्त घरातल्या अल्बममध्ये असते.

आता त्यावरून माप कसे काढावे? नानांच्या सेवापुस्तिकेत भरतीच्या वेळची उंची लिहिलेली होती, १६८ सेंटिमीटर. फोटोत टाचेपासून डोक्यापर्यंत ते ४२ मिलिमीटर भरले आणि त्यांच्या अगदी शेजारचा रेलिंगचा गज २५ मिलिमीटर. त्रैराशिक मांडले की गजाची उंची १०० सेंटिमीटर येते, म्हणजे माझ्या प्रतिरूपात जेमतेम १४ मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपरने नानांच्या नातवाने ते माप पुन्हा घेतले आणि तेच आले, याचा त्याला माझ्याहून जास्त आनंद झाला. हा हिशेब माणूस आणि वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असतील तरच चालतो. दोन हात मागे असलेल्या कोठ्याला तो लावू नये.

इथे काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. जुना फोटो मागून नेऊ नये, घरातच त्याची प्रत घ्यावी. मी लहान स्कॅनर सोबत नेतो आणि ६०० डीपीआयपेक्षा कमीवर प्रत घेत नाही. फोटोच्या शेजारी स्टीलची पट्टी ठेवून घ्यावी, फोटोची मागची बाजूही टिपावी, आणि सेवापुस्तिका आवर्जून मागावी, कारण माणूस कोणत्या महिन्यात कोणत्या जहाजावर होता हे आठवणीपेक्षा ती अचूक सांगते.

निघताना नानांच्या सूनबाईंनी ज्वारीची भाकरी, पिठले आणि लसणाची चटणी यांवर जेवू घातले. नौकेचा क्रमांक बाजूवर रंगवलेला असे का, असे मी जेवताना विचारले. "लढाईच्या टायमाला पुसला व्हता," असे नानांनी ठामपणे सांगितले.

तिसरा दिवस : लातूर जिल्हा, वेळ अमावास्या

रेणापूरमार्गे लातूरला पोहोचलो तेव्हा शहर ओस पडलेले होते. दुकाने बंद, रिक्षा नाहीत, आणि पुढच्या गावाला जाणारी बस त्या दिवशी सुटणार नसल्याचे स्थानकावर कळले. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिव भागात वेळ अमावास्या म्हणून पाळतात आणि झाडून सगळी माणसे शेतात जातात. पाऊण तास उभा राहिल्यावर डोक्यावर टोपल्या आणि मांडीवर मुले घेतलेल्या एका कुटुंबाने मला आपल्या टेंपोत घेतले. अनोळखी माणसाला त्या दिवशी शेतात जेवायला नेणे हेच पुण्य, असे त्यांच्यातल्या आजी म्हणाल्या आणि मला ज्यांच्याकडे जायचे होते त्यांच्या बांधापर्यंत सोडून गेल्या.

आबा कोपीजवळ घोंगडीवर बसलेले होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, पुढे आंबिलाचे मडके. पूजा झाली, घरातल्या मंडळींनी शेताभोवती आंबील शिंपडले, आणि मग पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि गार आंबील. नानाविध भाज्या, हिरवे दाणे आणि डाळीचे पीठ शिजून एकजीव झालेली ती भज्जी थंडीच्या दिवशी रानातच खावी. पंगत उठेपर्यंत नौकेचा विषय काढणे शोभले नसते आणि मी काढलाही नाही.

आबा क्षेपणास्त्र-नौकेवर होते. नौका ताब्यात घेण्यापूर्वी प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेलेल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. तिथे रशियन भाषा शिकावी लागली, कारण यंत्रांवरच्या साऱ्या पाट्या त्या लिपीत होत्या. त्याच रशियनचा उपयोग युद्धाच्या वेळी बिनतारी संभाषणात शत्रूला चकवण्यासाठी झाला, हे आता सर्वश्रुत आहे. नौका भारतात आल्या त्या मालवाहू जहाजांवरून. एवढ्या वजनाची नौका उचलणारी क्रेन मुंबईत नसल्यामुळे त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि दोर बांधून मुंबईपर्यंत ओढत आणल्या. किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या, कमी पल्ल्याच्या या नौका ओढत नेऊन शत्रूच्या बंदराजवळ सोडता येतील, या विचाराला त्या अनुभवाने बळ मिळाले.

मी रेखाचित्र पसरले. आबांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि बाजूला ठेवले. "कागदावर मला गमत न्हाई. रान मोकळं हाय, हितंच आखू."

हरभरा आणि ज्वारीच्या मधला पट्टा पेरणीविना राहिलेला होता. मी टेप धरला, मुलांनी तुराट्या रोवल्या आणि विहिरीचा दोर त्यांच्याभोवती फिरवून आम्ही काळ्या मातीत ३८.६ मीटर लांब, ७.६ मीटर रुंद अशी नौका आखली. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, पूर्वेला. पुढे ३० मिलिमीटरची जुळी तोफ, तिच्यामागे ब्रिज, म्हणजे नौका हाकण्याची जागा, आणि डोलकाठी, दोन्ही कडांना दोन-दोन कोठे, मग तोफांचा नेम धरणाऱ्या रडारचा चौथरा आणि पिछाडीला दुसरी जुळी तोफ. चार कोठ्यांच्या जागी चार मुले उभी केली आणि आबांनी त्यांना रशियनमध्ये क्रमांक दिले: अदीन, द्वा, त्री, चितीरी. दुपारभर ती मुले एकमेकांना त्याच नावांनी हाका मारत होती.

मग आबा दोराच्या आत शिरले आणि चालू लागले. रानात काठी टेकत चालणारा हा माणूस त्या आखणीत काठी विसरला. पिछाडीकडून नाळेकडे जाताना एका ठिकाणी त्यांनी खांदा आपोआप आडवा केला. तिथे कोठा आणि डेकहाउस, म्हणजे डेकवरचे बांधकाम, यांच्यामधली वाट इतकी अरुंद होती की समोरून कोणी आले तर अंग चोरावे लागे. मी टेप लावून त्या जागेचे नाळेपासूनचे अंतर घेतले. थोडे पुढे त्यांनी उजवा हात छातीच्या उंचीवर उचलून हवेत काहीतरी धरले.

"कडी," ते म्हणाले. "पळताना समदे तिला धरायचे. किती बी रंग द्या, आठ दिवसांत धातू उघडा. चकचकीत."

प्रतिरूपावर वापराच्या खुणा दाखवताना बहुतेक जण गंजाचे ओघळ रंगवतात. तीसेक माणसांनी दिवसरात्र वापरलेल्या नौकेवर खरी खूण म्हणजे हात लागून घासलेली कडी, ज्यावर बूट पडतो तो उंबरठ्याचा काठ आणि वेगाने गेल्यावर सुकलेल्या मिठाचा पांढरा पापुद्रा. ओसा नौका ताशी ३८ मैलांच्या, म्हणजे सागरी मैलांच्या, पुढे धावत, आणि तिचे डेक पाण्यापासून फार उंच नव्हते. पूर्ण वेगात ब्रिजपर्यंत तुषार येत, आणि उघड्यावर उभे राहणाऱ्याच्या भुवयांवरही मीठ जमे, असे आबांनी सांगितले. प्रत्येकी चार हजार अश्वशक्तींच्या तीन डिझेल इंजिनांचा आवाज आजही कानात घुमतो, असे म्हणून त्यांनी कानावर हात ठेवला.

क्रमांकाचा प्रश्न मी त्यांनाही विचारला. त्यांचे उत्तर नानांच्या नेमके उलट होते: क्रमांक होता आणि दिसत होता. दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवण्याचे कारण नाही. 'निर्घात'चा क्रमांक के ८९, हे माहीत असूनही ज्यावर तारीख आहे असे तिचे छायाचित्र मिळेपर्यंत तो बाजूवर रंगवायचा नाही, असे मी ठरवले आहे. कडीच्या बाबतीत मात्र मला छायाचित्राची गरज वाटत नाही. ती हाताची आठवण आहे.

या भागात येणाऱ्यांनी वेळ अमावास्येची तारीख पंचांगात पाहून यावे. कामाच्या दृष्टीने सरकारी कार्यालये आणि वाहने यांवर त्या दिवशी विसंबू नये, पण शेतात जेवायला बोलावणे आले तर नाकारू नये. टेप ३० मीटरचा पुरत नाही, ५० मीटरचा घ्यावा.

चौथा दिवस : धाराशिव

मुरूड-ढोकीच्या रस्त्याने धाराशिवला आलो. इथले गृहस्थ नौसैनिक नव्हते. मुंबईच्या नौदल गोदीत रंगारी म्हणून त्यांची नोकरी झाली. जहाज कोरड्या गोदीत घेतले की पाण्याखालचा भाग उघडा पडतो, आणि तो जवळून पाहणारा माणूस रंगारीच. नौसैनिक आतून पाहतो, शेजारचा बाहेरून पाहतो, आणि तळ पाहतो तो गोदीतला कामगार. नानांचे वाक्य ऐकल्यापासून मी याच माणसाच्या शोधात होतो.

त्यांच्याशी बोलणे झाले ते जवळजवळ सारे अस्तराविषयी. ओसा नौकेचा मुख्य सांगाडा पोलादाचा आणि वरचे डेकहाउस ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. पोलादाला शेंदरी अस्तर आणि ॲल्युमिनियमला पिवळट हिरवे, झिंक क्रोमेटचे. "वरून राखाडी एकच दिसतो, पण पोपडा निघाला की खालचं कळतं," असे ते म्हणाले. म्हणजे डेकहाउसवर रंग उडालेला दाखवायचा असेल तर तिथे तांबूस गंज येणे शक्यच नाही. तिथे पिवळट हिरवी कड दिसली पाहिजे किंवा उघडा पांढुरका धातू. एवढ्या एका माहितीसाठीही मी धाराशिवपर्यंत आलो असतो.

राखाडी रंगाची माझी नमुनापट्टी त्यांनी घराबाहेर उन्हात नेऊन पाहिली. नवा रंग आणि सहा महिने मुंबईच्या उन्हापावसात राहिलेला रंग यांत दोन पट्ट्यांचा फरक दाखवला, आणि लहान प्रतिरूपावर मूळ छटेपेक्षा किंचित फिकट रंगच डोळ्यांना खरा वाटतो या माझ्या अनुभवाला दुजोरा दिला. चहाबरोबर कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे आले.

पुढचे काम ठरलेले आहे. कारवारच्या किनाऱ्यावर 'चपळ' ही ओसा नौका संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. ती दुसऱ्या प्रकारची असल्यामुळे तिच्या गोल कोठ्यांचा मला उपयोग नाही, परंतु डेकहाउसची वाट, कडी आणि रेलिंग तिथे प्रत्यक्ष मोजता येतील आणि आबांच्या रानातल्या आकड्यांशी ताडून पाहता येतील. शेतातल्या आखणीचे मोजमाप घेऊन स्वच्छ काढलेले रेखाचित्र मी आबांकडे आणि नानांकडे पाठवले आहे. नानांच्या नातवाने आजोबांच्या अल्बममधली उरलेली छायाचित्रे, मागच्या बाजूसकट आणि स्टीलची पट्टी ठेवून, पाठवायला सुरुवात केली आहे.